एफी आत्यास पत्र, सोबत एक रिकामी नळी

हॅलिफॅक्स, गुरुवार

तीर्थरूप एफी आत्या हिला, हॅलिफॅक्सहून तिचा भाचा डंकन पाठ परवानगी देईल तितका वाकून नमस्कार करतो.

पत्र न वाचताच चुलीत टाकायला निघाली असशील तर थांब, पाकिटात प्लास्टिकची नळी आहे, घरभर घाण वास सुटेल. थांबलीच आहेस तर आता बस आणि वाच. कंबर कशी आहे? डॉक्टरांनी दिलेली काठी टेकायला वापरतेस की अजून तिने मांजरच हाकलतेस? शेजारचा मर्डक लाकडं फोडून देतो ना, की नुसताच चहा ढोसून जातो? (मर्डकला माझा नमस्कार सांगू नकोस. पत्त्यांत त्याने मला कसं फसवलं ते मी विसरलेलो नाही.) आमच्याकडे सगळं ठीक. बायकोचा खोकला गेला, माझं वजन गेलं नाही.

माझ्याबद्दल कोणी विचारलं की तू "तो तिकडे बाटल्या धुतो" असं सांगतेस, ते माझ्या कानावर आलं आहे. मी बाटल्या धूत नाही, आत्या. मी विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेचा कारभार बघतो. बाटल्या धुवायला यंत्र आहे आणि ते बिघडलं तरच मी धुतो. (ते आठवड्यातून दोनदा बिघडतं.) इथे माणसाची आणि चिंपांझीची जनुकं शेजारीशेजारी मांडून बघतात. गंमत अशी की दोघांची अक्षरं बहुतेक सारखीच. फरक पुष्कळदा अक्षरांवरच्या खुणांत असतो. डीएनएतल्या ठरावीक अक्षरांवर मेथिल नावाची इवलीशी टोपी बसते, आणि जनुकाच्या तोंडाशी अशा टोप्यांची गर्दी झाली की ते जनुक गप्प होतं. आजीची पाककृतींची वही आठवते ना? त्यात सलगमाचं पुडिंग अक्षर न् अक्षर शाबूत लिहिलेलं होतं, पण वर पेन्सिलीची मोठी फुली होती, म्हणून ते पुन्हा कधी आपल्या ताटात आलं नाही. (देव आजीचं भलं करो.) तसंच हे.

तर आमच्याकडे मारिसा नावाची मुलगी आहे, न्यूफाउंडलंडची, बोलायला तुझ्याइतकीच फटकळ. पाच वर्षं ती एकाच जनुकाच्या मागे लागली आहे. आम्ही त्याला 'एकोणीस नंबर' म्हणतो. ते काय काम करतं ते कोणालाच नक्की ठाऊक नाही, पण चिंपांझीत ते जागं असतं आणि माणसात टोप्या घालून झोपलेलं. प्रत्येक माणसात, असं तिने प्रबंधात लिहून टाकलं होतं. तोंडी परीक्षेला महिना उरला, तेव्हा 'प्रत्येक' म्हणायचं तर आणखी थोडी माणसं तपासावीत म्हणून तिने आमच्या मजल्यावरच्या बारा जणांची थुंकी गोळा केली. मीही उदार मनाने थुंकलो. अकरा जणांचा एकोणीस नंबर गाढ झोपेत होता. एकाचा टक्क जागा. तो कोणाचा हे तुला वेगळं सांगायला नको.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. आधी सगळ्यांना वाटलं, नळ्यांवर चिठ्ठ्या डंकनने चिकटवल्या, म्हणजे घोळही त्यानेच घातला असणार. मी पुन्हा थुंकलो. उत्तर तेच. मग शंका आली की चिंपांझीच्या नमुन्याचा थेंब माझ्या नळीत उडाला असेल. म्हणून शेजारच्या इमारतीत नेऊन, एका करड्या चेहऱ्याच्या बाईंच्या देखरेखीखाली मला थुंकायला लावलं. (कोणी टक लावून बघत असलं की तोंड कसं कोरडं पडतं, करून बघ.) उत्तर तेच! तोवर माझ्या टेबलावर रोज सकाळी एक केळं यायला लागलं होतं. "डंकन, खरं सांग, झाडावरून उतरून किती वर्षं झाली?" असं जिन्यात विचारायचे. आमच्या प्राध्यापक कोमोबाई वर्षातून एकदा हसतात, त्यांनी यंदाचं हसू माझ्यावर खर्च केलं. मीही हसून घेतलं असतं, पण मारिसा हसत नव्हती. एकदा शीतखोलीत गेलो तर ती खोक्यावर बसून नाक पुसत होती. म्हणाली, "तुझ्या एकट्यामुळे 'प्रत्येक' गेलं रे. माझी पाच वर्षं गेली." मी म्हटलं, "मी मेलो असं लिही." ती म्हणाली, "मेलेल्यांचाही डीएनए मोजतात." मला माझ्या थुंकीची लाज वाटली, आत्या, आणि अशी लाज वाटायची माझी पहिलीच वेळ होती.

शेवटी कोमोबाईंनी माझी अक्षरं एकेक करून वाचायला लावली आणि भानगड सापडली. मोक्याची टोपी जिथे बसायची तिथलं अक्षरच माझ्यात निराळं आहे. टोपी घातलेलं अक्षर म्हणे कच्चं असतं. पिढ्यान् पिढ्या टोपी वागवताना कधीतरी, कोणाच्या तरी बाबतीत, ते पालटून दुसरंच होऊन बसतं, आणि मग टोपीला बसायला डोकंच उरत नाही. माणसाची जनुकं बदलत आली त्यात या टोप्यांचाही बराच हात आहे. म्हणजे ज्या खुणेने जनुक झोपवलं, तिनेच कधीतरी त्याला जागं करायची सोय करून ठेवली. (मी लगेच म्हटलं, म्हणजे मी तुमच्या एक पाऊल पुढे! कोमोबाई म्हणाल्या, "पुढे नाही, मागे नाही. निराळा. जा, काम कर.") हे माझ्या घराण्यातच चालत आलेलं निघालं, तर मारिसाचा प्रबंध मोडत नव्हता, उलट त्याला एक झकास प्रकरण जोडलं जात होतं. बाईंनी विचारलं, "वडिलांकडचं कोणी आहे का तुझं?" मी म्हटलं, "आत्या आहे." "मग विचार की तिला." मी बाटल्यांचं यंत्र दुरुस्त करायला निघून गेलो. ते त्या दिवशी चालू होतं.

का गेलो ते तुला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी, बाबांना पोचवून आल्यावर चर्चच्या सभागृहात चहा चालला होता. तू बायकांना सांगत होतीस की डंकनची हनुवटी पणजोबांची, लांबड्या डोनाल्डची, आणि हट्टही त्यांचाच. मी तोंडात तूच भाजलेला ओटकेक धरून सगळ्यांसमोर व्याख्यान दिलं, की माणसं हजारात नऊशे नव्व्याण्णव भाग सारखीच असतात, आपल्या गिलिस घराण्याचं रक्त वगैरे सगळी बडबड आहे. तू ऐंशीव्या वर्षी धाकट्या भावाला पुरून आली होतीस आणि मी तुला आकडे शिकवत होतो. तू कप खाली ठेवलास. "असं? मग तू कोणाचाच नाहीस तर," म्हणालीस आणि कोट घालून गेलीस. आपल्या केप ब्रेटन बेटावर दारात आलेल्या परक्यालाही आधी 'तू कोणाचा?' एवढंच विचारतात, आणि माझ्यापाशी त्याचं उत्तर उरलं नाही.

तेव्हा सरळ लिहितो. मी चुकलो. तू बरोबर होतीस. (निदान एका अक्षरापुरती. हनुवटीबद्दल शास्त्राने अजून तोंड उघडलेलं नाही.)

तुझा भाचा,
डंकन गिलिस

ता. क. नळीवर रेघ आहे तिथपर्यंत थुंकायचं. आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, चहासुद्धा नाही. माझ्या नावाने थुंकलीस तर लवकर भरेल.

आणखी एक ता. क. खरं सांगायचं तर तुझ्या थुंकीची आता गरज राहिलेली नाही. नील काकांचा रॉनी माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहतो, त्यालाच धरून नेला होता. त्याचंही अक्षर माझ्यासारखंच निघालं. मारिसाला प्रकरण मिळालं, माझी केळी बंद झाली. हे मला मंगळवारीच कळलं होतं, आणि पत्र आज लिहितो आहे. दोन वर्षांत तुला लिहायला दुसरं निमित्त सापडलं नाही, म्हणून हे सोडवेना.

शेवटचा ता. क. शनिवारी नळी न्यायला येतो, भरलेली असो नाहीतर रिकामी. दार उघडलंस की नेहमीचा प्रश्न विचार. मी पाठ करून येतो आहे: डंकन रॉरीचा, रॉरी अँगसचा, अँगस लांबड्या डोनाल्डचा. त्याच्या मागचं मला येत नाही, ते तू सांग.