मे महिन्यापर्यंत चंद्रावर

२६ ऑगस्ट, सोमवार

शाळा उघडली. या वर्षी अमेरिकेचा इतिहास पूर्ण शिकवणार. पूर्ण म्हणजे पूर्ण. कोलंबस गलबतातून उतरला तिथपासून आपला माणूस चंद्रावर उतरला तिथपर्यंत. पुस्तकात ते आहे. मी बघितलंय. शेवटून तिसरा धडा, चित्र रंगीत आहे.

गेली एकोणीस वर्षं माझा वर्ग यादवी युद्धाच्या, म्हणजे लिंकनच्या, पुढे सरकलेला नाही, हे खरं. पण त्यात माझा दोष नाही. कारणं वेगळी आहेत.

प्रिन्सिपल टेनब्रिंक बाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, हॅफनर, राज्याच्या परीक्षेत निम्मे प्रश्न विसाव्या शतकावर असतात आणि तुमची पोरं दिसेल त्या प्रश्नाला लिंकनवर खूण करून येतात. दुसरं महायुद्ध कुणाच्या काळात झालं? लिंकन. पर्यायांत लिंकन नसला तर हाताने लिहितात. यंदा मी एप्रिलमध्ये तुमच्या वर्गात येऊन बसणार. सुधारणा दिसली नाही तर वर्ग कोच रस्कोला देईन.

डेल रस्को हा आमचा फुटबॉलचा कोच. करारात असतं, कोचने एखादा विषयही शिकवलाच पाहिजे. आणि आमच्या ओहायोत काय, कुठेही काय, कोचला दुसरं काही येत नसलं की त्याच्या हातात इतिहास ठेवतात. सध्या तो आरोग्यशास्त्र शिकवतो. म्हणजे सिनेमा लावतो.

मी मोठ्याने हसलो. जेवण मात्र गेलं नाही.

२८ ऑगस्ट, बुधवार

कारण सापडलं. बाथरूम.

मी तोंड उघडलं की हात वर. सर, बाथरूमला जाऊ? पास घेतात आणि जातात. पासशिवाय कॉरिडॉरमध्ये दिसलं तर सिक्युरिटीवाला धरून आणतो, म्हणून पास लागतो. माझा पास प्लास्टिकचा, पत्त्याएवढा. एकीने आणून ठेवला की दुसरा उचलतो. ब्रेलिन पॉवर्स नावाची एक मुलगी आहे, पुढच्या बाकावरची. वसाहतींच्या काळात गेली ती बॉस्टनचा चहा समुद्रात बुडाल्यावर उगवली. मधलं सगळं बुडालं.

अमेरिकेच्या शिक्षणाचं वाटोळं नेमकं कशाने झालं यावर मोठमोठे अहवाल निघतात. एकाही अहवालात बाथरूमचा उल्लेख नाही. लोक वरवर बघतात.

५ सप्टेंबर, गुरुवार

पास कुणीतरी कमोडमध्ये टाकला. बरंच झालं. पास हलका असतो म्हणून जावंसं वाटतं, हे तत्त्व माझ्या ध्यानात आलं. आता लाकडी डाव. हातभर लांब. डॉरीनच्या स्वयंपाकघरातून आणला. डॉरीन माझी बायको. ती म्हणाली, तो परत माझ्या सुपात घालायचा विचारसुद्धा करू नकोस.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

होमकमिंगचा आठवडा. म्हणजे शाळेचे जुने विद्यार्थी येतात, फुटबॉलची मोठी मॅच असते आणि आठवडाभर सोंगं. सोमवारी पायजमा घालून यायचं होतं, मंगळवारी कपडे उलटे, बुधवारी आजीआजोबांसारखे. आज दुपारी सगळे तास अर्धे केले आणि जिममध्ये बसून फुटबॉलच्या टीमसाठी ओरडलो. मीही ओरडलो. घसा बसला, त्यामुळे उद्याचा... नाही, उद्या शनिवार.

या आठवड्यात शिकवणं फारसं झालं नाही. डाव सारखा बाहेर होता.

२४ सप्टेंबर, मंगळवार

डाव रद्द. पोरं तलवारबाजी करतात. आता खरीखुरी कमोडची सीट, दोरी बांधून. गळ्यात अडकवायची. लाज वाटेल तेव्हाच थांबतील.

२६ सप्टेंबर, गुरुवार

लाज वाटत नाही. फोटो काढतात. भूमितीच्या वर्गातली एक अनोळखी मुलगी येऊन म्हणाली, सर, तुमचा पास पाच मिनिटं देता का? मी विचारलं, तुला जायचंय का? म्हणाली, छे, फोटोला हवाय.

८ ऑक्टोबर, मंगळवार

तोफेचा गोळा. माझ्या स्वतःच्या संग्रहातला, लोखंडी. आमचं एक पथक आहे. दरवर्षी जुलैत आम्ही उत्तरेचे निळे आणि दक्षिणेचे करडे गणवेश घालून यादवी युद्धातली गेटिसबर्गची तीन दिवसांची लढाई पुन्हा लढतो. मी निळ्यांत असतो आणि तिसऱ्या दिवशी दुपारी मरतो. लोक म्हणतात, हॅफनरसारखं मरणं कुणाला जमत नाही.

आता बघू कोण बाथरूमला जातं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

फुटबॉलची अख्खी टीम. रांग लावून. गोळा डोक्यावर धरून उठाबशा काढत जातात. कोच रस्कोने कॉरिडॉरमध्ये माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, लॉइड हॅफनर, पोरांचे खांदे काय तयार केलेस यार! शिक्षक असावा तर असा. मी आभार मानले. मग रागावलो. तोवर तो गेला होता.

एव्हाना वर्गात अमेरिकन क्रांती संपायला हवी होती. वॉशिंग्टन अजून नदी ओलांडतोय.

४ नोव्हेंबर, सोमवार

शेवटचा उपाय. हा फसूच शकत नाही. पथकाच्या गोदामातून सार्जंटला आणलं. सार्जंट म्हणजे कपड्याच्या दुकानातला पुरुषभर पुतळा, निळा गणवेश, खोट्या मिशा. बाथरूमला जायचंय ना? सार्जंटला उचलून न्या. दारातून आडवा काढावा लागतो.

आज एकही गेला नाही. विजय! डॉरीनला फोन करून सांगितलं. ती दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर असते. म्हणाली, लॉइड, इथे एकाची दाढ काढतायत, तरी तो तुझ्यापेक्षा शांत आहे.

९ डिसेंबर, सोमवार

यादवी युद्धात प्रवेश केला. पटकन उरकणार. दोन आठवडे. फार तर तीन. मग सुसाट. रेल्वे, कारखाने, दोन्ही महायुद्धं, चंद्र.

सार्जंटला आता दोघं मिळून नेतात. म्हणजे एकाऐवजी दोघं बाहेर. कधी तिघं, कारण टोपी धरायला कुणीतरी लागतं. पण ते किरकोळ आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

युद्ध चालू आहे. सैनिकांची कडक बिस्किटं मी स्वतः घरी भाजून वर्गात वाटली, इतिहास चाखता यावा म्हणून. केडन झिल्केचा पुढचा दात तुटला. नेमका डॉरीनच्याच डॉक्टरकडे गेला. संध्याकाळी ती बोलली नाही. मग बोलली. तिने बोलू नये असं वाटलं.

म्हणाली, तुझी गाडी पुढे का जात नाही सांगू? तू दर जुलैत तिथे मरतोस. मेलेल्या माणसाला पुढचं काय दिसणार?

मी तिला समजावलं की प्रश्न बाथरूमचा आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बर्फ. दोन दिवस शाळा बंद होती. आज उघडली तर ऑफिसातून सार्जंटचं ओळखपत्र आलं. कुणीतरी त्याचं नाव कम्प्युटरात घातलंय. पीट सार्जंट, अकरावी. कॉरिडॉरमध्ये आणि कॅन्टीनमध्ये रोज दिसतो, तेव्हा हजेरी उत्तम. आमच्याकडे नियम आहे की मुलाने काहीही केलं नाही तरी पन्नास टक्क्यांच्या खाली मार्क द्यायचे नाहीत, मन दुखावतं. वागणुकीचे मार्क वेगळे. वागणूक त्याची आदर्शच. जीवशास्त्रात पास आहे.

मी टेनब्रिंक बाईंना सांगायला गेलो. म्हणाल्या, हॅफनर, एक मूल वेळेवर येतं, फोन बघत नाही, उलट बोलत नाही, आणि तुम्ही त्याची तक्रार घेऊन आलात?

१० मार्च, सोमवार

गेटिसबर्ग, दिवस दुसरा. तपशिलात गेल्याशिवाय पोरांना कळणार कसं? पण उद्या नक्की संपवणार.

११ मार्च, मंगळवार

दिवस तिसरा. गणवेश घालून गेलो आणि फळ्यासमोर मरून दाखवलं. जीव ओतला. डोळे मिटून पडलो होतो, वर्गात अगदी शांतता. मला वाटलं, भारावलेत. डोळे उघडले तर वर्ग रिकामा. घंटा कधी झाली कळलं नाही. कोच रस्को मला ओलांडून खिडकीजवळचा प्रोजेक्टर न्यायला आला होता. म्हणाला, उठू नकोस लॉइड, मी आपला जातो.

टेनब्रिंक बाई एप्रिलच्या पंधरा तारखेला येणार. भरपूर वेळ आहे.

८ एप्रिल, मंगळवार

बातमी चांगली आहे. वर्गात सार्जंट नाही. पोरांनी त्याला प्रॉमच्या राजाच्या निवडणुकीला उभं केलंय. प्रॉम म्हणजे अकरावी-बारावीचा मोठा नाच. प्रचारासाठी त्याला जिममध्ये ठेवलाय. म्हणजे पास नाही. पास नाही म्हणजे बाथरूम नाही! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा अख्खा वर्ग अख्खा तास माझ्यासमोर.

योजना: पंधरा तारखेला युद्ध पहिल्या वीस मिनिटांत संपवायचं. नंतर बाईंच्या देखत झेप.

१५ एप्रिल, मंगळवार

बाई मागच्या बाकावर बसल्या. पोरं जागेवर. कुणी हललं नाही.

मी सुरेख शिकवलं. दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली, दोन्ही बाजूंच्या सेनापतींनी हात मिळवले, बंदुका खाली ठेवल्या. घड्याळ बघितलं. बराच तास शिल्लक. ठरवलं होतं तसंच.

तेवढ्यात ब्रेलिन पॉवर्सने हात वर केला. सवयीने मी म्हणालो, पास नाहीये. ती म्हणाली, नाही सर, मला विचारायचंय. मग पुढे काय झालं?

हा प्रश्न मला आजपर्यंत कुणी विचारला नव्हता.

मी म्हणालो, मग सगळे घरी गेले. ती म्हणाली, बरं, आणि मग? मी पुस्तक उघडलं. पुढच्या धड्याची पानं एकमेकांना चिकटलेली होती, छापखान्यातून आली तशीच. नखाने सोडवायला गेलो तर फाटली. मागून केडन म्हणाला, सर, गुलाम सुटले ना, मग त्यांना शेतीबिती मिळाली का? मी म्हणालो, चांगला प्रश्न. रेल्वेबद्दल काहीतरी होतं, ते आठवेना. हात पँटला पुसले. बाई लिहीत होत्या.

मग मी म्हणालो, मुलांनो, पुढे जाण्याआधी एक छोटीशी उजळणी. आणि युद्ध पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

घंटा झाली तेव्हा खूप बरं वाटलं. एकंदरीत तास चांगला झाला. उजळणीला शिक्षणशास्त्रात मोठं महत्त्व आहे.

५ मे, सोमवार

सार्जंट प्रॉमचा राजा झाला. मुकुट मिशांपर्यंत घसरला होता, पण शोभत होता.

राज्याच्या परीक्षेचा निकाल आला. आमच्या वर्गात सार्जंट पहिला आहे. नाव यादीत होतं म्हणून उत्तरपत्रिका निघाली, पोरांनी गंमत म्हणून सगळीकडे तिसरा पर्याय काळा केला. बाकीच्यांनी लिंकन.

बाईंनी दार लावून घेतलं. आवाज चढवला नाही, तेच वाईट. म्हणाल्या, लॉइड, राहिलेले आठवडे रस्को घेईल. पुढच्या वर्षीही तोच. तुम्ही त्याच्या वर्गात मदतीला बसा. कागद वाटायला वगैरे.

मी म्हणालो, बाई, बाथरूमचा प्रश्न सुटला असता तर. त्या म्हणाल्या, मी येऊन बसले त्या दिवशी कुणी गेलं नव्हतं, लॉइड.

गाडीत बराच वेळ बसून राहिलो. चावी लावायचं सुचेना. माझा वर्ग होता तो.

६ मे, मंगळवार

नीट विचार केला. रस्कोला जमणार नाही. शुक्रवारपर्यंत बाई मला हाका मारतील. पोरं त्याच्या तासातून उठून जातील, रांगा लागतील. मी मागे बसून मोजणार.

२१ मे, बुधवार

रस्को फळ्यावर फुटबॉलचे डावपेच आखतात तसे गोल आणि फुल्या काढतो. युरोपातले देश म्हणजे दोन टीम. कोण कुणावर कशामुळे धावून गेला हे बाण काढून सांगतो. मधेच शिट्टी वाजवतो. नावं चुकवतो. तारीख विसरला की पोरांना विचारतो, त्यांनाही माहीत नसलं की म्हणतो, चला शोधा, आणि सगळे मिळून शोधतात. गेल्या आठवड्यात केडनचा तो शेतीचा प्रश्न घेतला. जमीन द्यायचं कबूल केलं होतं आणि परत काढून घेतली, असं निघालं. मला माहीत नव्हतं.

पहिलं महायुद्ध झालं. मंदी झाली. ती एवढी वाईट होती याची मला कल्पना नव्हती. दुसरं महायुद्ध झालं. बसमध्ये काळ्या माणसांनी कुठे बसायचं यावरून केवढा लढा झाला, ते ऐकून ब्रेलिनच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कागद वाटायचे विसरलो.

आज चंद्र. रस्कोने दिवे घालवले आणि चंद्रावर उतरतानाची जुनी फिल्म लावली. टेबलावर पास ठेवलेला दिसला नाही, म्हणून शेजारच्या पोराला विचारलं. तो कुजबुजला, कोचने पहिल्याच दिवशी सांगितलंय, ज्याला जायचं त्याने उठून जावं, विचारायचं नाही. आता गप्प बसा ना सर.

मी मोजत होतो. पूर्ण तासात एकही उठलं नाही.

मला स्वतःला मधेच जायचं होतं. चांगलंच जायचं होतं. पण यान चंद्रावर उतरायला थोडंच राहिलं होतं, म्हणून बसून राहिलो.