कुणाच्या गुडघ्यापर्यंत

आई, तुझा निहार पळालेला नाही, परीक्षा संपली म्हणून मित्रांबरोबर केळव्याला समुद्रावर गेलाय. दूध तापवून ठेवलंय.

पहाटे त्याच्या स्वप्नात समुद्र लिफ्टने आपल्या चौथ्या मजल्यावर आला आणि दाराशी चपला काढून उभा राहिला. तू झोपली होतीस, म्हणून दोघं हळू बोलले. मामाला का बुडवलंस, असं निहारने विचारलं, तर समुद्राने नुसती मान खाली घातली.

“गुडघ्यापर्यंतच जायचं,” असं तू मागेच बजावलं होतंस. कुणाच्या, ते बोलली नाहीस. मित्रांतला लंबू दिपेश स्वतःचा गुडघा द्यायला तयार होता. पण निहारने तू झोपेत असताना तुझाच मोजला आणि आपल्या पायावर तेवढ्या उंचीवर पेनाने रेघ मारली.

संध्याकाळी दार उघडलंस की आधी पॅण्ट चाचपून बघ. रेघेच्या वर मी कोरडाच असेन.