अर्धा चमचा फोडणी

मंगळवार, १२ ऑगस्ट २००८
वेलचेरी, चेन्नई

आज आईवर ओरडले. डाएटिशियनने सॅलडवर अर्धाच चमचा तेल सांगितलंय, आणि आई कोशिंबिरीवर फोडणी घालते ती अंदाजाने. "तुझ्या फोडणीनेच माझं वजन उतरत नाही," असं तोंडावर म्हटलं. तिच्यासमोर कॅलरीच्या वहीत तेल मांडलं, दाण्याचं कूट मांडलं, वर साखरेची चिमूटसुद्धा. ती एवढंच म्हणाली, "बरं. उद्यापासून नुसती काकडी चिरते."

आणि ऑफिसातून निघाल्यावर मैलापूर स्टेशनाबाहेर मी रोज खाते ते दोन तळलेले बोंडे? ते कुठल्या वहीत आहेत? दोनच का, कधी तीन.

जेवायला बसलो तर आईच्याही ताटात कोरडी काकडी. तिला कोणी सांगितलं होतं? अर्ध्या चमच्यासाठी मी केवढं बोलले.

नंतर माझे कपडे भिजवताना तिने हाक मारली. रागाचा लवलेश नाही आवाजात.

"तुझ्या रुमालावरचे तेलाचे डाग महिनाभर घासतेय गं, निघत नाहीत. बोंडे खाल्लेस की हात कागदाला पुसत जा."