तीन पाती की दोन

४ फेब्रुवारी

बोट पाण्याबाहेर काढली. यार्डात टेकूंवर उभी आहे. केवढी अवजड दिसते! पाण्यात असताना निम्मी लपलेली असते, म्हणून नाजूक वाटते इतकंच.

नवरा खाली वाकून पंख्याकडे बघत होता. इंजिनाच्या जोराने बोट ढकलणारा दोन पात्यांचा जुना पितळी पंखा, एका पात्याची कड खाल्लेली. मिस्त्रीने चाकूच्या टोकाने जरा खरवडलं. आतून गुलाबी निघालं. म्हणाला, "संपला हा. खाऱ्या पाण्याने आतून पोखरलाय. एखाद्या दिवशी पातं तुटून पडेल, आणि तेही नेमकं नको तेव्हा."

"म्हणजे नवा," नवरा म्हणाला. जसा काही बल्ब बदलायचाय.

५ फेब्रुवारी

नवा घ्यायचा तर कोणता? यावरून आज आमचं पहिलं वाजलं.

त्याला मिटणारा हवा. शिडावर चालताना त्याची पाती पाण्याच्या दाबाने मागे मिटतात आणि बोट मोकळी पळते. मला तीन पात्यांचा, पक्का, कायम उघडा हवा. इंजिनाचा सगळा जोर पाण्याला लागतो. पुढेही आणि मागेही.

तो — "बुडाला बादली बांधून समुद्र ओलांडायचा म्हण की!"

मी — "बादली तर बादली."

विषय तिथेच थांबला. संपला नाही.

माझ्या हट्टाचं कारण ऑक्टोबरातलं. परत येत होतो. बंदराच्या तोंडाशी शिडं उतरवली आणि वारा एकदम समोरून आला. इंजिन होतं तेवढं सगळं दिलं, तरी बोट जागच्या जागी. मग हळूहळू बाजूला सरकायला लागली, दगडी भिंतीकडे. तो सुकाणूवर, मी पुढे, हातात रबरी फुगा घेऊन — जसा काही त्याने धक्का थोपणार होता! भिंतीवरचं शेवाळ दिसत होतं, त्यावरून ओघळणारं पाणी दिसत होतं. मध्येच वारा क्षणभर पडला आणि आम्ही आत आलो. दोर बांधल्यावर तो मोठ्याने हसला. "बघ, आलोच ना!" मी नाही हसले. चहा टाकला.

लांबच्या प्रवासाला एप्रिलात निघायचं ठरलंय. दोघांचं ठरलंय असं म्हणायचं, पण स्वप्न त्याचं. लग्नाआधीपासूनचं. मी इतकी वर्षं औषधांच्या दुकानात उभी राहिले, तो जमिनी मोजत फिरला, आणि प्रत्येक सुट्टीत नकाशा उघडून बसला. माझी ना नाही. अट एवढीच — पुन्हा तशा भिंतीपाशी जायचं नाही.

१० फेब्रुवारी

कप्तानबाईंना विचारलं. शेजारच्या बोटीवर एकट्या राहतात. एकटीने फार लांबून आल्यात. त्यांना हे नाव कोणी दिलं माहीत नाही, त्यांनाही आवडत असावं.

म्हणाल्या, "समुद्र मोठा असतो हो, पण बोट फुटते ती किनाऱ्याला. तिथे ताकद लागते. आणि बाकीचे सगळे दिवस तुम्ही शिडावर, तेव्हा तीच ताकद पायात बेडी. त्यांचंही बरोबर, तुमचंही बरोबर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं."

मग विचारलं, "तुम्हाला येते का बोट मागे घेता?"

"नाही. तोच घेतो."

"मग तुम्ही पंखा कसला निवडताय?"

राग आला. घरी येईपर्यंत गेला.

१४ फेब्रुवारी

नवऱ्याला आता मिटणाराही नको. मागे जाताना तो नीट उघडत नाही म्हणे. हेच मी आठवडाभर सांगत होते.

मग तीन पात्यांचा? तोही नको.

२० फेब्रुवारी

मिस्त्रीने तिसराच प्रकार काढला. याची पाती मिटत नाहीत, आपल्या जागी वळतात. त्याने तळहात पुढे धरून दाखवलं. इंजिन चालू — तळहात तिरका, पाणी कापतो. इंजिन बंद — तळहात उभा, पाण्याकडे नुसती कड. मागे जायचं तर पातं गर्रकन वळून तोंडच बदलतं, त्यामुळे जोर दोन्हीकडे जवळजवळ सारखा.

मला वाटलं, सुटलं बाई एकदाचं!

नवरा म्हणाला, "जितके भाग तितकी दुखणी. दरवर्षी ग्रीस भरा, खेळ तपासा..."

मिस्त्री म्हणाला, "ग्रीस तर आता आपल्या गुडघ्यांनाही लागतं, साहेब. म्हणून चालायचं सोडलं का?"

मी हसले. नवरा पान्ह्यांकडे बघत राहिला.

२३ फेब्रुवारी

तळ्यात-मळ्यात. आज पुन्हा तळ्यात.

१ मार्च

कप्तानबाईंच्या बोटीवर शिकायला जाते आहे. आज चौथ्यांदा की पाचव्यांदा.

बोट मागे घेताना ती सरळ येतच नाही. पंखा मागचा भाग एका अंगाला ओढतो. मी सुकाणू उलटं पिळत बसायचे, त्याने काहीच होत नसे. कप्तानबाई ओरडतात — "तिच्याशी भांडू नका! जरा जोर द्या, सोडा, वाट बघा. वेग आला की मग ऐकते ती." धक्क्याला एकदा चांगलंच घासलं. त्यांनी वाकून ओरखडा पाहिला. "हा माझ्या ओरखड्यांपुढे लहान आहे."

आज जमलं! दोन बोटींच्या मधल्या जागेत मागून आत घातली, कुठेही न लागता.

नवऱ्याला बघायला ये म्हटलं होतं. तो यार्डात आमच्या बोटीचा तळ घासत होता. तळ तर कालच घासून झाला होता.

८ मार्च

लेकीचा फोन. "आई, अजून पंखाच चाललाय का तुमचा? त्यापेक्षा माझं लग्न लवकर ठरलं होतं!" मग म्हणाली, "पण बाबा तर म्हणाले, आता पुढच्या वर्षीच जाऊ."

मला हे माहीत नव्हतं.

त्याला विचारलं. "सहज बोललो गं. पंखा नाही तर जायचं कशावर?"

मुद्दा बरोबर आहे.

९ मार्च

मीच जाऊन मिस्त्रीला सांगितलं — पाती वळणारा, तीन पात्यांचा. दांड्याची जाडी, इंजिनाचे फेरे, पंख्याभोवती मोकळी जागा किती, सगळं त्याने मोजलं. एका फेऱ्यात पंखा पाणी किती मागे ढकलेल तेही ठरवावं लागतं. कमी ठेवलं तर इंजिन नुसतं बोंबलतं, जास्त ठेवलं तर धापा टाकतं. मी म्हटलं, किनाऱ्याजवळचा जोर बघून ठरवा. मिस्त्रीने मान डोलावली.

नवऱ्याला जेवताना सांगितलं. "बरं," म्हणाला. चमचा ताटात फिरवत बसला. मला वाटलं चिडला. पण चिडला की तो भांडी घासायला घेतो, आणि आज भांडी तशीच पडली होती.

२ एप्रिल

नवा पंखा बसला. जुना निघता निघेना. मिस्त्रीने पकड लावली, तापवलं, ठोकलं, शेवटी बंदुकीसारखा आवाज झाला आणि सुटला. नव्याची पाती हाताने फिरतात. सुईच्या टोकाएवढाही खरखराट नाही. मिस्त्री म्हणाला, "फिरवा हो तुम्ही, तुमचाच आहे." मी बराच वेळ फिरवत बसले. पोरकटपणा.

६ एप्रिल

बोट पाण्यात. चाचणी.

नवरा म्हणाला, "सुकाणू तूच घे. मी दोर बघतो." आजवर हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मला वाटलं, कप्तानबाईंकडे शिकले त्याची परीक्षा घेतोय.

धक्क्यापासून मागे — सरळ! बंदराच्या तोंडातून बाहेर. उघड्या पाण्यात वेग घेतला आणि एकदम उलटा गियर टाकला. खालून एक दणका, पाणी फेसाळलं, आणि बोट आपल्या लांबीभरात उभी राहिली. मी चक्क ओरडले! मग इंजिन बंद, शिडं वर. खालचा सगळा आवाज गेला. बादली नाही, बेडी नाही. बोट नुसती निघाली.

"बघ, तुझंही खरं झालं!" मी हाक मारून सांगितलं.

तो पुढे बसला होता. दोन्ही हातांनी कठडा धरून. पाणी तर ताटासारखं सपाट होतं. म्हणाला, "छान आहे. वळूया का आता?"

ऊन लागलं असेल.

१९ एप्रिल

सामान चढलं. डबे, पाणी, औषधं, जादा दोर. सगळ्या डब्यांवर त्याच्या अक्षरात चिठ्ठ्या. डिझेलची गाळणी बदलायला त्याने मला दोनदा शिकवलं. दुसऱ्यांदा स्वतः हात लावला नाही, नुसता शेजारी बसून बघत राहिला. "तुला यायला हवं," म्हणाला. हात डिझेलने बरबटले. वास अजून जात नाही.

हवामान चांगलं आहे. परवा सकाळी.

२१ एप्रिल

कप्तानबाई पिशवी घेऊन धक्क्यावर उभ्या. मला वाटलं निरोपाला आल्या. त्या सरळ बोटीवर चढल्या. नवरा खालीच.

"मी येत नाही गं," म्हणाला. "ऑक्टोबरपासून बोटीवर पाय ठेवला की छातीत धडधडतं. पंखा कुठलाही असो. तुला सांगायला जीभ रेटेना. यांना मीच विचारलंय, गेल्या आठवड्यात."

"अरे, पण स्वप्न तुझं होतं."

"होतं. तुला जायचंय का ते सांग."

मी 'हो' म्हणाले. इतक्या पटकन, की दोघेही दचकलो. दोर त्यानेच सोडले.

हे बोटीवर लिहितेय. किनारा आता दिसत नाही.