बुडबुडा विरेपर्यंत

पावस

प्रिय सईदा,

घरामागची विहीर आठवते? मी काठाच्या चिऱ्यावर पालथी पडून आतलं कासव बघायचे आणि तू माझे दोन्ही पाय घट्ट धरून बसायचीस. आपा पडली तर अम्मा मला मारेल, म्हणायचीस. गेले वीस दिवस मी तशीच पालथी आहे, म्हणून आठवलं. आताही मान खाली घालूनच लिहितेय.

डोळ्याचा सुटलेला पडदा जागेवर बसावा म्हणून आत गॅस सोडलाय, हे तुला माहीतच आहे. परफ्लुओरोप्रोपेन. फॉर्मवर नाव वाचलं. फ्रिजमधल्या गॅसच्या कुळातला, असं माझा साकिब म्हणतो. त्याला रंग नाही, वास नाही, कशाशी मैत्री नाही की भांडण नाही. रक्तात फार हळू विरतो, म्हणून पडदा चिकटेपर्यंत टिकतो. दोन महिने. मी पालथी असले की बुडबुडा वर चढून पडद्याला दाबून धरतो. उठून बसले की डोळ्यात पाण्याची पातळी दिसते, चालले की डुलते. त्या रेघेच्या वरचं हल्ली दिसायला लागलंय. काल माडाचे शेंडे दिसले, बुंधे नाहीत.

परवा तुझ्या मनालने फोनवर तुझं सांगितलं. दोहाच्या डॉक्टरांनी महिना दिलाय म्हणाली. मी बरं म्हटलं, फोन ठेवला, उशीचा अभ्रा बदलला. मग माझ्या डॉक्टरांना विचारलं. विमानात हवेचा दाब कमी होतो, गॅस फुगतो, नजर कायमची जाते, आंबा घाटसुद्धा चढू नका, म्हणाले. दाब कमी झाला की वायू फुगतो, शाळेत सिस्टर बर्नाडेटनी हाच नियम आपल्याकडून पाठ करून घेतला होता. नजर गेली तर जाऊ दे, मी जाणारच, असं मी म्हणाले नाही. ते तुला ठाऊक असावं.

ऑपरेशनआधी डॉक्टर म्हणाले होते, गॅसऐवजी तेल घातलं तर विमान चालेल, पण ते काढायला पुन्हा ऑपरेशन. तू फोनवर ऐकत होतीस. आपा, गॅसच घे, परत चिरफाड कशाला, तू कुठे उडणार आहेस, म्हणून हसलीस. मनाल म्हणते, तुझा रिपोर्ट त्याच्या आधल्याच आठवड्यात आला होता. मी रागावलेली नाही, सईदा. मला कळलं, एवढंच सांगायला लिहिलं. अजून पाय धरून बसली आहेस.

शनिवारी साकिब तुझ्याकडे निघतोय. आंबापोळी तुझ्या जैनुद्दीनना. अम्माच्या कानातल्या बाळ्या मनालला, तुझ्या हाताने दे. निळी शाल तुला, तिथे एसी फार असतो. नंतर ती मनालने माझ्याकडे पाठवावी. न धुता.

तुझीच,
आपा