तिचे थरथरणारे हात

रविवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. आई, मी आणि धाकटा संदेश, तिघांनी दुपारी कादंबरीवरून काढलेला तो जुना भयपट पाहिला. नवऱ्याच्या अंगात काहीतरी संचारतं आणि तो बायकोच्या जिवावर उठतो. तिच्या हातात सुरी असते, पण हात लटलट कापतात.

संदेश हसायलाच लागला. "काय रडकी नटी घेतलीय! कादंबरीतली बाई किती खमकी आहे."

"घाबरल्यावर हात कापणार नाहीत तर काय?" मी ओरडलेच.

"ताई, ओव्हरॲक्टिंग आहे ती."

ओझरला नोकरी लागल्यापासून याला सगळंच कळतं! बाबा पिऊन आले की आई लाटणं घेऊन दारामागे उभी राहायची, तेव्हा हा पाळण्यात होता. तिचे हात अस्सेच कापायचे. मी पाहिलेत.

हे त्याच्या तोंडावर फेकणार, तेवढ्यात आईच म्हणाली, "मला तर तीच एकटी खरी वाटली." आणि उठून आत गेली.

संदेश गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. त्याच्यावर कशाला चिडू? आपली आई कधी कुणाला घाबरली नाही, असं त्याला लहानपणापासून मीच सांगत आलेय.