तिसरा फॉर्म कोरा का राहिला?

ऑगस्टा,
१८ फेब्रुवारी १९७५

ती. लेटीताईस,
वेस्लीचा शि. सा. न. वि. वि.

तुझा प्लंबर भाऊ आमदार होऊन दीड महिना झाला आणि अजून सुखरूप आहे. इथे राज्याच्या राजधानीत आमदाराला मिळतं काय, तर एक बाक आणि टोपी अडकवायला एक खुंटी. खोली नाही, कारकून नाही. आपल्याकडे पाहुण्याच्या कुत्र्यालासुद्धा यापेक्षा जास्त जागा मिळते.

पण माझं विधेयक तयार झालं! लॉबिस्ट मंडळींनी, म्हणजे कंपन्यांच्या वतीने आमदारांची मनं वळवणाऱ्यांनी, आपलं नाव नोंदवायचं आणि कोणत्या कायद्यासाठी कुणाला जेवू घातलं तेही लिहायचं. गंमत अशी की मला मदत केली ती हॅस्केलसाहेबांनी. आपल्या गावच्या कागद कारखान्याच्या कंपनीचे हे लॉबिस्ट, वीस वर्षं याच इमारतीत वावरतायत. रोज सकाळी हॉटेलात आम्हा नवख्यांना नाश्ता देतात. माझं गिचमिड हस्ताक्षर पाहून त्यांना दया आली. त्यांनी विधेयक नेलं, भाषा नीट केली आणि टाइप करून आणून दिलं. माणूस फार सज्जन आहे.

प्रत सोबत आहे. जरा नजर घाल. तू पाठवलेले डोनट पोचले, आपल्या गावच्या पुलाचंही लक्षात आहे.

तुझा,
वेस्ली

---

पार्सन्स फेरी,
२७ फेब्रुवारी १९७५

चि. वेस्लीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इथे सगळं ठीक. बर्फ अजून खिडकीपर्यंत आहे. कुत्र्यांचे परवाने द्यायचं काम चालू आहे, त्यामुळे माझ्या कचेरीत माणसांपेक्षा भुंकणं जास्त.

तेवीस वर्षं गावची कारकून आहे मी. नवा फॉर्म आला की गावाला देण्याआधी मी तो स्वतः भरून बघते, ही माझी खोड तुला ठाऊक आहे. तुझ्या विधेयकाचे मी तीन फॉर्म आखले आणि भरायला बसले.

पहिला माझा. जो आमदाराला लेखी विनंती करील त्याने नाव नोंदवावं, असं कलम दोन म्हणतं. मी तुला डोनट पाठवले आणि त्याच डब्यात पुलाबद्दल चिठ्ठी घातली. म्हणजे मी लॉबिस्ट, आणि नोंदणी केली नाही म्हणून दंडाला पात्र. दुसरा थिबोडोबाईंचा. कारखान्यामुळे नदीला येणाऱ्या वासाने दोरीवरच्या चादरी पिवळ्या पडतात, हे सांगायला त्या बिचाऱ्या गेल्या वर्षी बसने समितीपुढे गेल्या होत्या. समितीपुढे जो बोलेल तोही लॉबिस्ट. म्हणजे बाईही अडकल्या.

तिसरा तुझ्या सज्जन हॅस्केलचा. तो समितीपुढे कधी बोलत नाही आणि लिहून काही देत नाही. जेवता-खाता झालेलं बोलणं धरू नये, हे कलम तीन. तेव्हा तिसरा फॉर्म कोराच राहिला. वेस्ली, नळ जोडताना तू इतका बावळट नसतोस रे! ज्याची गळती थांबवायची, त्याच्याच हातात पाना दिलास?

आपल्या गावात कुत्र्याच्याही गळ्यात बिल्ला असतो आणि त्यावर मालकाचं नाव असतं. तेवढं तरी कर.

तुझी,
लेटी

---

ऑगस्टा,
४ मार्च १९७५

ती. लेटीताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी तुझा राग आला, मग माझाच. कलम तीन मी वाचलं होतं ग. मला ते साधं सौजन्य वाटलं.

हॅस्केलना विचारलं. ते जरासुद्धा चिडले नाहीत. म्हणाले, आहे तसं विधेयक नव्वद मतं घेऊन पास होईल, शब्द हलवलास तर तीससुद्धा मिळायची नाहीत. आणि मसुदा कुणी टाइप केला हे सभागृहात सांगितलंस, तर हसं तुझंच होईल, पुढच्या वेळी गाव तुला पाइप दुरुस्तीलाही बोलावणार नाही. यातलं काहीच खोटं नाही, हीच अडचण आहे. शुक्रवारी मतदान आहे. काय करू?

तुझा,
वेस्ली

---

पार्सन्स फेरी,
५ मार्च १९७५

चि. वेस्लीस,
आशीर्वाद.

हे पत्र आत्ताच्या टपालानेच टाकते. गावसभेत बोलणारा काय करतो? उभा राहतो, स्वतःचं नाव सांगतो, कोणत्या रस्त्यावर राहतो ते सांगतो आणि मग बोलतो. तेच कर. लोक हसले तर हसू दे. तू लहानपणी बोबडा बोलायचास तेव्हा मी सोडून सगळे हसायचे, आणि मी आजही हसणार नाही. तिन्ही फॉर्म सोबत पाठवते आहे.

तुझी,
ताई

---

ऑगस्टा,
१० मार्च १९७५

ती. लेटीताईस,
वेस्लीचा अगदी मनापासून सा. न.

उभा राहिलो. वेस्ली क्रॉकर, टॅनरी रोड, असं म्हणालो आणि तिथेच पहिला हशा झाला. मग सांगून टाकलं की हे विधेयक ज्याच्यावर आहे त्यानेच ते टाइप केलंय आणि मी मूर्खासारखे आभार मानले. हशा इतका की अध्यक्षांना हातोडा आपटावा लागला. मी तुझे फॉर्म वाचू लागलो. डोनटच्या फॉर्मला तर लोकांनी बाकं वाजवली. थिबोडोबाईंच्या वेळी जरा कमी हसले. तिसरा मी नुसता उंच धरला. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही, कारण त्या सकाळचा नाश्ता बहुतेकांनी हॅस्केलकडेच केला होता.

उत्तरेकडच्या एका म्हाताऱ्या बटाटेवाल्या आमदाराने विचारलं, मग हे विधेयक आहे तरी कुणाचं? मी म्हणालो, कालपर्यंत त्यांचं होतं, आजपासून माझं. कलम दोन आणि तीन काढली. जो पगार घेऊन मन वळवतो त्याने नाव नोंदवायचं, मालकाचं नाव छातीवर लावायचं आणि जेवणं लिहायची. नोंदणी कुठल्याही गावच्या कारकुनाकडे चालेल, हे मी तुझ्यासाठी मुद्दाम घातलं. चार मतांनी पास झालं ग! वरच्या सभागृहात दंड अर्धा करतील म्हणतात. करू देत.

आता नाश्त्याला उकडलेली अंडी खिशातून आणतो. झकास लागतात.

तुझा,
वेस्ली

---

पार्सन्स फेरी,
१७ जून १९७५

चि. वेस्लीस,
अनेक आशीर्वाद.

कायदा लागू झाला आणि काल माझ्याकडे कोण यावं? हॅस्केल. कारखान्यात काम होतं म्हणून आला होता. मी त्याला खुर्ची दिली आणि कोरा फॉर्म पुढे केला. परवान्यासाठी रांगेत थांबलेल्या थिबोडोबाईंनी त्याच्याकडे बघून चादरींचा विषय काढला. तो नीट ऐकत होता, नाही म्हणणार नाही.

मालकाच्या रकान्यात त्याने कंपनीचं पूर्ण नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं. हे आपण आयुष्यात पहिल्यांदाच लिहितोय, असं हसत म्हणाला. पण शाई वाळेपर्यंत तो त्या कागदाकडेच बघत बसला. बिल्ला मीच दिला, क्रमांक एक.

वेस्ली, मला तुझा फार अभिमान वाटतो. डोनट पाठवते आहे आणि या खेपेस डब्यात चिठ्ठी नाही. पुलाबद्दल मी पुढच्या मंगळवारी समितीपुढे उभी राहून, नाव आणि रस्ता सांगून बोलणार आहे. तू मागच्या बाकावर बस आणि हसू नकोस.

माया आहेच, ती कुठे नोंदवायला नको.

तुझी,
लेटीताई